मुखवटा की मुखत्राण?



बर्फावरील हॉकीचा सामना आपणांपैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिला असेल. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळतात. तिकडे सैन्यात नोकरी केलेल्या एखाद्या बंधूला तो ठाऊक असेल. इतरांसाठी एवढेच सांगतो की, या खेळात चेंडू नसतो. तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची कठीण रबराची चकती असते. तिचे वजन जवळजवळ क्रिकेटच्या चेंडूइतके, आणि निष्णात खेळाडूच्या काठीवरून सुटली म्हणजे ती ताशी शंभर किलोमीटरहूनही अधिक वेगाने येते. सहा फूट रुंद व चार फूट उंच अशा गोलापुढे उभे राहून ती अडविणे, हे एका मनुष्याचे काम. १९५९ सालापर्यंत या मनुष्याच्या पायांवर जाड गाद्या असत, छातीवर आवरण असे, हातांत मोजे असत. तोंड मात्र उघडे असे.

ज्या गृहस्थाने ही रीत मोडली, त्यांचे नाव झाक प्लांत. १९२९ साली कॅनडातील क्वेबेक प्रांतात एका गरीब, अकरा मुलांच्या कुटुंबात ते सर्वांत थोरले म्हणून जन्मले. लहानपणापासून दम्याचा विकार असल्यामुळे बर्फावर फार वेळ धावणे त्यांना जमेना. म्हणून ते गोलात उभे राहिले. आईकडून विणकाम शिकले आणि आपल्या लोकरी टोप्या स्वतः विणीत. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाने १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे स्टॅन्ली चषक जिंकला, तेव्हा गोलरक्षक तेच होते. गोल सोडून मागे जाऊन चकती आपल्या गड्यांकडे ढकलण्याची त्यांची पद्धत त्या काळी अनेकांना विक्षिप्त वाटे. आज ती सर्वत्र रूढ आहे.

सरावात ते चेहऱ्यावर आवरण घालीत असत. फायबरग्लासच्या व्यवसायातील बिल बर्चमोर या गृहस्थांनी त्यांच्या चेहऱ्याच्या मापाने एक घडवून दिले होते. परंतु सामन्यात ते घालण्यास प्रशिक्षक टो ब्लेक यांची परवानगी नव्हती. आवरणामुळे नजर अडेल आणि सावधपणा ढिला पडेल, असे त्यांचे म्हणणे. खेळाच्या वर्तुळात त्याहून कठोर शब्दही कानी येत: तोंड झाकतो तो भित्रा.

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्क येथील सामन्यात अँडी बाथगेट यांनी मारलेली चकती प्लांत यांच्या तोंडावर आदळली. त्यांना रक्तबंबाळ अवस्थेत आत नेण्यात आले व टाके घालण्यात आले. संघाबरोबर दुसरा गोलरक्षक बाळगण्याची तेव्हा पद्धत नव्हती. आवरण घातल्याशिवाय आपण परत जाणार नाही, असे प्लांत यांनी सांगितले आणि ब्लेक यांना मान तुकवावी लागली. तो सामना मॉन्ट्रियलने ३–१ असा जिंकला. नंतरचे कित्येक सामनेही संघ अपराजित राहिला.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे व स्वतःस विचारावे: त्या खोलीत आपण ब्लेक यांच्या जागी असतो तर काय केले असते? ब्लेक दुष्ट नव्हते. ते स्वतः नामांकित खेळाडू होते, आणि ज्या धैर्याच्या कल्पनेत ते वाढले, तिच्याशी प्रामाणिक होते. मला वाटते, आपल्या घरांतून व मंडळ्यांतून अशी प्रामाणिक माणसे विपुल आहेत.

भाषांतरकार या नात्याने मला येथे एक अडचण आली. 'मास्क' या शब्दाला मराठीत 'मुखवटा' म्हणतात. परंतु मुखवट्याला सोंगाचा वास आहे. शुभवर्तमानांत ज्या ग्रीक शब्दासाठी आपण 'ढोंगी' लिहितो, त्याचा मूळ अर्थ रंगभूमीवरील नट; आणि ग्रीक नट मुखवटा घालीत असे. प्लांत यांनी काही लपविले नव्हते. त्यांच्या वस्तूचे नाते इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील शिरस्त्राणाशी अधिक जवळचे आहे. म्हणून मी 'मुखत्राण' हा शब्द योजतो. पौलाने तेथे सैनिकाला शस्त्रसामग्री चढवावयास सांगितली आहे. तसे करणारा भित्रा ठरतो, असे कोणीही भाष्यकार म्हणत नाही.

प्लांत यांचे उत्तर याच दिशेचे होते. पॅराशूटशिवाय विमानातून उडी घेणाऱ्याला शूर म्हणाल काय, असे त्यांनी विचारल्याचे सांगतात.

८ मार्च १९६० रोजी ब्लेक यांच्या आग्रहास्तव ते पुन्हा उघड्या तोंडाने खेळले. डेट्रॉइटने तो सामना ३–० असा जिंकला. लगेच मुखत्राण परत आले, आणि त्या वर्षीच्या चषक-स्पर्धेत मॉन्ट्रियल एकही सामना हरले नाही.

दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. ग्लेन हॉल हे त्याच पिढीतील थोर गोलरक्षक. १९५५ ते १९६२ या काळात ते लागोपाठ ५०२ सामने खेळले, आणि सर्व मुखत्राणाविना. सामन्यापूर्वी त्यांना वांती होत असे. तरी ते बर्फावर जात. त्यांना कोण भित्रा म्हणेल? आणि त्यांचे पोट तर काही वेगळेच सांगत होते. १९६८-६९ च्या हंगामात हॉल व प्लांत सेंट लुईसच्या एकाच संघात आले, आणि उत्कृष्ट गोलरक्षणाचा व्हेझिना चषक दोघांनी मिळून जिंकला. मुखत्राण चढविण्याची पाळी अखेर हॉल यांच्यावरही आली.

१९७० च्या अंतिम फेरीत एक चकती प्लांत यांच्या मुखत्राणावर एवढ्या जोराने आदळली की, ते फुटले व प्लांत बेशुद्ध पडले. त्यानेच आपला जीव वाचविला, असे ते पुढे सांगत.

एक गोष्ट मला विशेष आवडते. सप्टेंबर १९७२ मध्ये सोव्हिएत संघ कॅनडाशी खेळण्यास मॉन्ट्रियलला आला. पहिल्या सामन्यापूर्वी प्लांत पाहुण्यांच्या खोलीत गेले आणि वीस वर्षांच्या व्लादिस्लाव त्रेत्याक या गोलरक्षकाला कॅनडाचे कोणते खेळाडू कसे मारा करतात, हे समजावून सांगितले. पाहुण्यांचा धुव्वा उडेल, अशीच कॅनडात बहुतेकांची समजूत होती. त्या मुलाची दया आली असावी. सामना सोव्हिएत संघाने ७–३ असा जिंकला.