न जाणारा चट्टा : नायटा, कुष्ठ की आणखी काही?

वस्तीत फिरताना एक वाक्य नेहमी कानावर येतं, "ताई, नायटा आहे. मलम लावलं की जातो, परत येतो." बहुतेक वेळा तो नायटाच असतो. पण तोच चट्टा महिनोन्‌महिने टिकला, तर वेगळ्या नजरेनं बघायला हवं. फार थोड्या माणसांत तो त्वचेचा लिम्फोमा निघतो.

हा आजार काय आहे?
रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी 'टी' पेशी बिघडतात आणि कातडीत साठत जातात. हा कर्करोगच, पण बहुधा सावकाश वाढणारा. नेहमी आढळणारा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइड्स. पॅरिसच्या अलिबेर या डॉक्टरांनी १८०६ साली त्याचं वर्णन केलं. गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून हे नाव पडलं. बुरशीशी त्याचा संबंध नाही, म्हणून नायट्याचं औषध लागू पडत नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

लक्षणं
• कंबर, कुल्ले, मांड्या, छाती अशा झाकलेल्या जागी तांबूस, कोरडे, खवल्यांचे चट्टे. खाज असते किंवा नसतेही.
• सावळ्या कातडीवर, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, फिकट पांढुरके चट्टे.
• पुढे चट्टा जाड होतो, गाठ येते, कधी ती फुटते.
• सगळं अंग लाल, झोपू न देणारी खाज, काखेत-जांघेत गाठी : हा सेझारी प्रकार असू शकतो. लगेच दवाखाना गाठा.

कुष्ठाची भीती
फिकट चट्टा दिसला की घरात कुजबूज सुरू होते आणि बाई तो पदराआड लपवते. कुष्ठाच्या चट्ट्यावर बहुधा बधिरपणा असतो. लिम्फोमात सहसा स्पर्श कळतो. तरी निदान घरी करू नका. आणि कुष्ठ निघालं तरी औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, रोग पूर्ण बरा होतो. लपवण्यानं दोन्ही आजार वाढतात.

काय करायचं?
दुकानातून विचारून आणलेल्या मलमांत अनेकदा स्टिरॉइड असतं. लिम्फोमात डॉक्टर स्टिरॉइड देतातही. पण तपासणीआधी मनानं लावलं तर चट्टा दबतो आणि खरं निदान हुकतं. लावत असाल तर ट्यूब सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.

कोल्हापुरात सीपीआरच्या त्वचारोग विभागात जा. जागा बधिर करून कातडीचा छोटा तुकडा तपासतात, तिला बायोप्सी म्हणतात. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही समजूत खोटी आहे. पहिल्या वेळी निदान लागेलच असं नाही. पुन्हा बोलावलं तर कंटाळू नका.

सुरुवातीला मलम आणि अतिनील किरणांचे उपचार असतात. आजार पुढे गेला तर गोळ्या, इंजेक्शन, रेडिएशन. लवकर सापडला तर बरेच रुग्ण इतरांइतकंच आयुष्य जगतात. कर्करोगाच्या अनेक उपचारांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

आपल्या पाठीवरचं, कुल्ल्यावरचं आपल्याला दिसत नाही. मायलेकींनो, जावा-जावांनो, एकमेकींना दाखवा. त्यात लाज कसली?