घटक ४ : एकाच केंद्राचे समाजमाध्यम – व्याप्ती आणि धोके

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• केंद्रीकृत समाजमाध्यमाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• एखादे समाजमाध्यम सर्वव्यापी कसे होते, याची कारणमीमांसा करता येईल.
• अशा माध्यमातील धोके उदाहरणांसह सांगता येतील.
• भाषिक समाजाच्या दृष्टीने उपलब्ध पर्यायांचे मूल्यमापन करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण वृत्तपत्र, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी या माध्यमांचा परिचय करून घेतला. या माध्यमांत बोलणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ असतात. समाजमाध्यमांनी हे नाते पालटले. ज्याच्या हाती मोबाइल आहे तो वाचकही झाला आणि लेखकही. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु बोलणारे अनेक झाले तरी बोलण्याची जागा कोणाची, हा प्रश्न उरतोच. गावाची चावडी गावाची असते. येथे मात्र जगातील फार मोठ्या लोकसंख्येची चावडी एका कंपनीच्या आवारात भरते. या परिस्थितीचे परिणाम आपण प्रस्तुत घटकात फेसबुकच्या उदाहरणावरून अभ्यासणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ 'केंद्रीकृत' म्हणजे काय?

ईमेलचे उदाहरण घ्या. आपला ईमेल एका कंपनीकडे आणि आपल्या मित्राचा दुसऱ्या कंपनीकडे असला, तरी पत्रव्यवहार अडत नाही; कारण ईमेलचे तांत्रिक नियम सर्वांना खुले आहेत. फेसबुकवरील मजकूर मात्र फेसबुकवरच राहतो. सभासदांची नोंद, त्यांचे लेखन, छायाचित्रे आणि मैत्रीचे संबंध एकाच कंपनीच्या ताब्यात असतात. कोणाला काय आधी दिसावे हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो आणि काय काढून टाकावे हे कंपनीचे नियम ठरवतात. साठवण, क्रम आणि नियम या तिन्ही गोष्टींवर एकाच संस्थेची सत्ता असणे, हे केंद्रीकृत समाजमाध्यमाचे लक्षण होय.

४.२.२ व्याप्ती आणि तिची कारणे

फेसबुकचा आरंभ फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपुरता झाला. २००६ साली ते तेरा वर्षांवरील सर्वांना खुले झाले. २०१२ साली त्याच्या मासिक वापरकर्त्यांची संख्या १०० कोटींवर पोहोचली आणि २०२३ साली ती ३०० कोटींच्या पुढे गेली. दरम्यान २०१२ साली कंपनीने इन्स्टाग्राम घेतले आणि २०१४ साली सुमारे १९ अब्ज डॉलरना व्हॉट्सॲप विकत घेण्याचा करार केला. २०२१ साली या कंपनीने 'मेटा' हे नाव धारण केले.

या वाढीमागे 'जाळेपरिणाम' आहे. दहा माणसांच्या समूहात परस्परसंबंधांच्या ४५ जोड्या संभवतात, शंभर माणसांत ४,९५० आणि हजार माणसांत ४,९९,५००. सभासद दहापट झाले की संभाव्य संबंध जवळजवळ शंभरपट होतात. म्हणून नवा माणूस तेथेच जातो, जेथे त्याची माणसे आधीच आहेत. आणि तो गेल्याने ती जागा पुढच्या माणसाला अधिकच हवीशी वाटते.

हाच नियम बाहेर पडण्याच्याही आड येतो. मोबाइल सेवा बदलताना क्रमांक कायम ठेवण्याची सोय भारतात २०११ पासून सर्वत्र उपलब्ध आहे. समाजमाध्यम सोडताना मात्र आपले लेखन व छायाचित्रे उतरवून घेता आली, तरी आपली माणसे सोबत नेता येत नाहीत. दार उघडे आहे, पण सारे गाव आतच बसले आहे, अशी ही अवस्था होय.

४.२.३ पहिला धोका : एकाची चूक, सर्वांचा खोळंबा

४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडले. ही सेवा सुमारे सहा तासांनी पूर्ववत होऊ लागली. कारण घातपाताचे नव्हते. नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीची माहितीकेंद्रे जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. अशी आज्ञा रोखणाऱ्या तपासणी-प्रणालीतही दोष होता. परिणामी इंटरनेटला या सेवांचा पत्ताच सापडेना. दुरुस्तीची कंपनीची स्वतःची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष माहितीकेंद्रांत जावे लागले.

अनेक देशांत लहान व्यापारी मालाची मागणी व्हॉट्सॲपवरच घेतात, परदेशी गेलेली मुले त्यावरूनच घरी बोलतात. चूक कोणाच्याही हातून होते. परंतु केंद्र एकच असले की एकाच्या चुकीचा भार कोट्यवधींवर पडतो.

४.२.४ दुसरा धोका : माहितीचे एकच कोठार

मार्च २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले. फेसबुकवरील एका व्यक्तिमत्त्व-चाचणीच्या ॲपचा वापर सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी केला होता. परंतु त्या काळच्या नियमांनुसार ॲपला त्यांच्या मित्रांचीही माहिती मिळत होती. त्यामुळे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या संस्थेकडे गेली असावी, असे कंपनीनेच सांगितले. २०१९ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने कंपनीला ५ अब्ज डॉलरचा दंड केला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या कोट्यवधींपैकी बहुतेकांनी ते ॲप कधी उघडलेही नव्हते. त्यांची माहिती त्यांच्या ओळखीच्या माणसांमार्फत गेली. कोठार एकच असल्याने त्याचे एक दार सैल राहिले, तरी साऱ्यांचे धान्य उघड्यावर येते.

४.२.५ तिसरा धोका : एक नियम, अनेक भाषा

कोणता मजकूर राहावा आणि कोणता जावा, हे ठरवण्यास 'आशय-नियंत्रण' म्हणतात. सप्टेंबर २०१६ मध्ये नॉर्वेत याविषयी मोठा वाद झाला. व्हिएतनाम युद्धातील १९७२ सालचे, नापाम हल्ल्यातून धावणाऱ्या विवस्त्र बालिकेचे छायाचित्र फेसबुकने नग्नतेच्या नियमाखाली काढून टाकले. 'आफ्तेनपोस्तेन' या दैनिकाच्या संपादकांनी त्याविरुद्ध पहिल्या पानावर खुले पत्र लिहिले. पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी प्रसृत केलेले तेच छायाचित्रही हटवले गेले. अखेर कंपनीने निर्णय मागे घेतला.

नॉर्वेजवळ पंतप्रधानांचा आवाज होता. म्यानमारचा अनुभव याहून दारुण आहे. त्या देशात स्वस्त मोबाइल आले तेव्हा असंख्य लोकांसाठी इंटरनेट आणि फेसबुक हे शब्द समानार्थीच झाले. तेथे रोहिंग्या समाजाविरुद्ध द्वेषपूर्ण मजकूर बर्मी भाषेतून पसरत राहिला. परंतु रॉयटर्स वृत्तसंस्थेने दिलेल्या माहितीनुसार, २०१५ च्या आरंभी असा मजकूर तपासणाऱ्यांत बर्मी जाणणाऱ्या व्यक्ती केवळ दोन होत्या. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले. हिंसाचाराचे मूळ समाजमाध्यमात नव्हते; ते लष्करी कारवाईत आणि जुन्या वैरात होते. तथापि द्वेष भडकण्यास समाजमाध्यमाचा हातभार लागला, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने नोंदवले आणि आपण पुरेसे प्रयत्न केले नाहीत, हे कंपनीनेही २०१८ साली मान्य केले.

२०२१ साली फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी स्त्रीने उघड केलेल्या कागदपत्रांतून हिंदी व बंगालीतील घातक मजकूर ओळखणाऱ्या यंत्रणेची उणीवही पुढे आली. भाषेच्या अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. शिवी कोणती, उपरोध कोणता, धमकी कोणती, हे शब्दकोशावरून कळत नाही. ते त्या भाषेत वावरल्यानेच कळते. केंद्राला जी भाषा कळत नाही, त्या भाषेत निरपराध लेखन कापले जाते आणि विखार मोकळा राहतो.

४.२.६ चौथा धोका : अफवेचा वेग

हा धोका महाराष्ट्राने प्रत्यक्ष भोगला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांची हत्या केली. ते भिक्षेकरी भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली.

व्हॉट्सॲपवरील संदेश कूटबद्ध असल्याने कंपनी ते वाचू शकत नाही. परंतु संदेश किती वेगाने पसरावा, हे कंपनीच ठरवते, असे या निर्णयाने दिसून आले. मात्र हात उगारणारी माणसेच होती, त्यामुळे त्यांची जबाबदारी कोणत्याही यंत्रावर ढकलता येत नाही. मर्यादा आधी घातली असती तर काय झाले असते, हे सांगता येणार नाही. ती घालण्याचा अधिकार मात्र त्या गावाकडे, जिल्ह्याकडे वा राज्याकडे नव्हता.

स्वयं-अध्ययन प्रश्न

योग्य पर्याय निवडा.
१) शंभर सभासदांत परस्परसंबंधांच्या ______ जोड्या संभवतात. (अ) ४५ (आ) १,००० (इ) ४,९५० (ई) १०,०००
२) खुल्या नियमांवर चालणाऱ्या संपर्कसाधनाचे उदाहरण ______ हे होय. (अ) फेसबुक (आ) ईमेल (इ) इन्स्टाग्राम (ई) व्हॉट्सॲप
३) फेसबुकच्या आशय-नियंत्रणाविरुद्ध खुले पत्र लिहिणारे दैनिक ______ येथील होते. (अ) नॉर्वे (आ) म्यानमार (इ) अमेरिका (ई) व्हिएतनाम

४.२.७ पर्याय आणि त्यांच्या मर्यादा

पहिला मार्ग कायद्याचा. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेत निवडक संकेतस्थळे विनामूल्य मिळणार होती. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार भेदभाव करणाऱ्या डेटा-दरांना मनाई केली आणि ही योजना भारतात थांबली. तत्पूर्वी लक्षावधी नागरिकांनी प्राधिकरणाला आपली मते कळवली होती. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्यानेही मोठ्या संदेशसेवांवर इतर सेवांशी जोडून घेण्याचे बंधन घातले आहे.

दुसरा मार्ग रचनेचा. 'मॅस्टोडॉन' हे २०१६ साली सुरू झालेले समाजमाध्यम अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालते. प्रत्येक सर्व्हरचे नियम वेगळे, तरी सभासद परस्परांशी बोलू शकतात. यासाठी वापरली जाणारी 'ॲक्टिव्हिटीपब' ही खुली नियमावली २०१८ साली प्रमाणित झाली. परंतु येथेही अडचणी आहेत. सर्व्हरचा खर्च आणि आशय-नियंत्रणाचा भार बहुधा स्वयंसेवकांवर पडतो आणि आपली माणसे तेथे नसतात. शिवाय केंद्रीकृत माध्यमाने दूरच्या वाडीवरील कवीलाही विनामूल्य वाचक मिळवून दिला, हे त्याचे श्रेय नाकारता येत नाही.

तिसरा मार्ग आपल्या हातातील आहे. ऑर्कुट हे एके काळी भारतात लोकप्रिय असलेले समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. मराठीतील गप्पांचे समूहही त्यासोबत मिटले. वाचकांना जो निर्णय कळला, तो घेताना त्यांना कोणी विचारले नव्हते. म्हणून समाजमाध्यमाला भेटीची जागा मानावे, दप्तरखाना मानू नये. मोलाचे लेखन स्वतःजवळ, ग्रंथालयात वा छापील अंकातही जतन करावे.

४.३ सारांश

साठवण, क्रम आणि नियम एकाच संस्थेकडे असणारे समाजमाध्यम म्हणजे केंद्रीकृत समाजमाध्यम. जाळेपरिणामामुळे ते वाढते आणि त्याच कारणाने ते सोडणे कठीण होते. मालक सज्जन असला तरी धोका टळत नाही. कारण एका ठिकाणची चूक, सैलपणा किंवा अज्ञान सर्वांना एकाच वेळी भोगावे लागते. कायदा, खुली रचना आणि स्वतःचे जतन हे तीन उपाय आहेत. त्यांपैकी एकटा कोणताही पुरेसा नाही.

४.४ पारिभाषिक शब्द

जाळेपरिणाम : सभासद वाढल्यामुळे सेवेची उपयुक्तता वाढणे.
अल्गोरिदम : निर्णयासाठी संगणकाला दिलेली नियमांची मालिका.
कूटबद्ध : पाठवणारा व घेणारा यांच्याशिवाय इतरांना वाचता न येणारे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१) (इ) ४,९५० २) (आ) ईमेल ३) (अ) नॉर्वे

४.६ स्वाध्याय

१) 'दार उघडे आहे, पण सारे गाव आतच बसले आहे' हे विधान जाळेपरिणामाच्या आधारे स्पष्ट करा.
२) आशय-नियंत्रणात भाषाज्ञानाचे महत्त्व म्यानमारच्या उदाहरणावरून विशद करा.
३) उपक्रम : आपल्या बोलीतील असे पाच शब्दप्रयोग लिहा, की जे परक्याला शिवी वाटतील पण घरात प्रेमाने वापरले जातात. केंद्रातील परीक्षकाने ते काढून टाकल्यास आपण त्यास काय समजावून सांगाल, ते दहा ओळींत लिहा.