एका जनुकाच्या मागे लागू नकोस

चि. रेवतीस,


मेंदूविकारांच्या जनुकीय माहितीवर काम करायचं तू ठरवलंस, याचा फार आनंद झाला. गणित तुझं तू बघशीलच. मी आयुष्य ओपीडीत काढलं, तिथून जे दिसतं ते लिहिते.

'अमुक आजाराचं जनुक सापडलं' या वाक्याचा मोह फार. २००३ साली न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या ८४७ जणांच्या अभ्यासातून असं पुढे आलं, की सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचं आखूड रूप असेल, तर आयुष्यातले आघात माणसाला नैराश्याकडे अधिक ढकलतात. कल्पना इतकी पटण्याजोगी, की तिच्यावर वर्षानुवर्षं शोधनिबंध निघत राहिले. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर नैराश्याची अशी १८ नावाजलेली जनुकं तपासली, तेव्हा ती सहज उचललेल्या कुठल्याही जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत. यात लबाडी नव्हती. माणसं थोडी आणि आकडे तपासायच्या वाटा अनेक असल्या, की काहीतरी हाती लागतंच. म्हणून विश्लेषण कसं करणार, ते आकडे उघडण्याआधी लिहून ठेवत जा.

स्किझोफ्रेनियाच्या अभ्यासकांनी देशोदेशीची माहिती एकत्र केली, म्हणून ते पुढे गेले. २०२२ पर्यंत ७६,७५५ रुग्णांच्या अभ्यासातून जीनोममधल्या २८७ जागा सापडल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचा एकेकटीचा परिणाम अगदी बारीक. एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला हा आजार झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसऱ्याला होत नाही. 'आमच्या घराण्यातच दोष आहे का? धाकटीचं लग्न जमेल ना?' असं आई-बाप विचारतात, तेव्हा मी त्यांना हेच सांगते. अशा अनेक जागा मिळून मांडलेला जोखमीचा गुणांक कुणी त्यांच्या हाती ठेवला, तर तो कुणाच्या रक्तावरून काढलाय हे आधी विचार. ही माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आणि इतरांबाबत तिचे अंदाज ढिले पडतात. जीनोमइंडियाने दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले, ही मोठीच गोष्ट. पण ती माणसं निरोगी होती. आपल्या रुग्णांचं काम अजून खूप उरलंय, आणि ते तुझ्यासारख्यांनीच करायला हवं.

दिवाळीला येशील तेव्हा चार सकाळी माझ्याबरोबर ओपीडीत बस. कुणाला आवाज ऐकू येतात, कुणी महिनोन् महिने बोलत नाही, कुणी औषधांवर नीट नोकरी करतो. केसपेपरवर निदान मात्र एकच. तुझ्या तक्त्यात या सगळ्यांच्या नावापुढे एकच आकडा पडेल, त्याआधी त्यांना भेटून घे.

तुझी,
मावशी