पन्नीवर चित्र नसतं

आरशासमोर उभे राहा. तोंड जमेल तेवढं उघडा आणि तर्जनी, मधलं बोट व अनामिका एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. तिन्ही बोटं सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील तर उद्या सकाळीच ओपीडीचा कागद काढा. या तपासणीला ना मशीन लागतं ना पैसे. नागपुरात मी ती जवळपास प्रत्येकालाच करायला सांगतो, कारण ‘अधूनमधून’ खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेलं मिश्रण) खाणारा माणूस स्वतःला खर्रा खाणारा समजतच नाही.

तोंड कमी उघडण्याच्या या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली तंतू साचत जातात; गाल पांढुरका आणि चिवट होतो. पण पहिली तक्रार तोंड उघडत नाही, अशी नसतेच. ती असते, “डॉक्टर, सावजीचा रस्सा आता सोसवत नाही.” तेच घर, तेच तिखट, पण तोंडाची आग आग होते. लोक मसाल्याला नावं ठेवतात, ॲसिडिटीच्या गोळ्या खातात आणि महिने निघून जातात. आखडलेला गाल पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. सुपारी लवकर सुटली तर आजाराची वाढ थांबू शकते, व्यायामाने तोंड थोडंफार उघडतं. काहींच्या बाबतीत मात्र त्याच जागी पुढे कर्करोग होतो.

“मग तंबाखू सोडतो, नुसती सुपारी चालेल ना?” नाही चालणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखूशिवायही, कर्करोगकारक ठरवलं आहे. आपल्याकडे सडक्या सुपारीच्या बातम्या येतात तेव्हा त्यातून लोक भलताच धडा घेतात: चांगल्या सुपारीचा खर्रा घोटून घेऊ! चांगल्या सुपारीतही अरेकोलीन असतंच.

तुम्ही म्हणाल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. खरं आहे. म्हणूनच नुसत्या भाषणांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले; त्यात ओढणारे जेमतेम ४ टक्के, बाकी जवळपास सगळे तोंडात धरणारे, चघळणारे. तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत इशाऱ्याचं चित्र हवं, असा नियम २०१६ पासून लागू आहे. नियम उत्तम. पण खर्रा पाकिटात येतो कुठे? ठेलेवाला गिऱ्हाइकासमोर सुपारी, तंबाखू, चुना एकत्र करतो, घोटतो, पन्नीत बांधून हातात देतो. पन्नी कोरी. ज्या मालाला पाकीटच नाही, त्याच्यापर्यंत पाकिटावरचा इशारा पोचणार कसा?

१९८६ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात आरोग्यसंवर्धनाची सनद ठरली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की माणसाला उपदेश करून भागत नाही. कायदा, भोवताल, लोकांचं संघटन आणि दवाखान्याची कामाची पद्धत यांनीही त्याला साथ द्यावी लागते. आपल्याकडे कायद्याची वाण नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच नाही, हे २००३ पासून लिहिलेलं आहे. गुटखाबंदी २०१२ ची. भोवताल मात्र तोच. नागपूरच्या कळमना बाजारात पोती वाहणारा हमाल खर्रा खातो तो शौक म्हणून कमी, भूक आणि झोप मारायला जास्त. त्याला वेळेवर जेवण, बसायला सावली मिळाली नाही, तर माझा सल्ला त्याच्या काय कामाचा? ठेलेवाल्याचंही पोट त्यावरच. नुसता दंड ठोकला तर ठेला चार पावलं सरकतो, एवढंच.

आणि दवाखान्यांचं काय? कर्करोगाच्या नव्या मशीनचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. न झालेल्या कर्करोगाची फीत कोण कापणार? तोंड तपासायचं काम येतं आशाताईंकडे, ज्यांच्या पिशवीत आधीच डझनभर कामांच्या नोंदवह्या असतात.

तरी सनदेत सांगितलेलं कुठेच होत नाही असं नाही. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालू आहे, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि शासन मिळून ते चालवतात. तिथे गावंच्या गावं दारू-तंबाखूची विक्री बंद करायचा निर्णय घेतात आणि व्यसनी माणसावर उपचारही होतात. बंदी आणि उपचार असे जोडीने चालले तरच टिकतात, असं माझं मत आहे. नागपुरात ग्रामसभा नाही, पण ऑटोस्टँड आहेत, गणेश मंडळं आहेत, बुटीबोरीतल्या कारखान्यांची कँटीन आहेत.

आता तुमच्यापुरतं. सोडायचं तर तारीख ठरवून पूर्ण सोडा. ‘दिवसाला एकच’ हे फार दिवस टिकत नाही. तलफ येते ती बहुधा काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात पाणी प्या, दोन पावलं चाला, कुणाशी बोला. पहिला आठवडा चिडचिडीचा जातो, घरच्यांनी तो सांभाळून घ्यावा. निकोटिनचं च्युइंगगम स्वतःच्या मनाने घेऊ नका. ज्याचं तोंडच उघडत नाही त्याला ते चावणं अवघड, डॉक्टर दुसरा मार्ग सुचवतील. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. सोडायला मदत हवी असेल तर १८०० ११ २३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

एक विनंती मात्र आजपासूनच पाळा. घरातल्या पोराला दहा-वीस रुपये देऊन “जा, एक खर्रा घेऊन ये” असं सांगू नका.