बंदुकीचा आवाज आणि नेमबाजाचा कान

तंजावरच्या उत्तरेस सुमारे बारा किलोमीटरांवर कावेरीच्या तीरी तिरुवैयारु हे गाव वसले आहे. ‘तिरु’ म्हणजे पवित्र, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. पाच नद्यांचे पवित्र स्थान असा या नावाचा अर्थ होतो. तंजावरच्या भोसले राजांच्या काळात संत त्यागराज (१७६७–१८४७) येथे राहत असत. त्यांच्या समाधीपाशी दर वर्षी पौष वद्य पंचमीला गायक-वादक जमतात. गावातील पंचनदीश्वराच्या मंदिराची आणखी एक ख्याती आहे. बाहेरच्या प्राकारात एका ठराविक जागी उभे राहून हाक मारली, तर ती सात वेळा परत ऐकू येते, असे सांगतात.

हाक परत येते, कारण ध्वनी भिंतीवर आदळून माघारी वळतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. मूळ आवाज व प्रतिध्वनी वेगळे ऐकू येण्यास दोहोंमध्ये सुमारे एकदशांश सेकंदाचे अंतर लागते. म्हणून भिंत निदान १७ मीटर दूर असावी लागते. ध्वनी अडवता येतो, वळवता येतो आणि एका दिशेने पाठविताही येतो, हे या मंदिरात सहज ध्यानी येते. याच गुणावर बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी बसविण्याची साधने आधारलेली आहेत. त्यांतील कोणते साधन नेमबाजाच्या कानाला हितकारक आणि कोणते घातक, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

बंदूक कशी वाजते

बंदुकीचा आवाज एक नसून अनेक आवाजांचे मिश्रण असते. त्यांपैकी तीन मुख्य आहेत. पहिला घोड्याचा व खिळीचा खटका. तो अगदी किरकोळ असतो. दुसरा नळीच्या तोंडाचा धमाका. दारू पेटली की अतितप्त वायू उत्पन्न होतात आणि ते गोळीला पुढे रेटतात. गोळी नळीबाहेर पडताच कोंडलेले वायू एकाएकी मोकळे होऊन भोवतालच्या हवेला जबर धक्का देतात. बाटलीचे बूच उडाल्यावर होणारा आवाज हे याच क्रियेचे लहान रूप होय.

तिसरा आवाज खुद्द गोळीचा. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाहून अधिक असेल, तर होडीच्या नाळेपासून पाण्यावर जशी तिरकी लाट पसरते, तशी गोळीच्या टोकापासून हवेत आघातलहर पसरते. अशा लहरींची छायाचित्रे एर्न्स्ट माख व पीटर झाल्खर यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. लष्करी रायफलीची गोळी सेकंदाला ८०० ते ९०० मीटर वेगाने जाते. म्हणून तिचा कडाका निराळा ऐकू येतो. स्पर्धेतील पॉइंट टू-टू रायफलीची गोळी बहुधा ३२० ते ३३० मीटर वेगाने जाते. तिच्यामागे असा कडाका उमटत नाही.

आवाजाचे माप

आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. हे माप साध्या बेरजेचे नाही. पातळी २० डेसिबलांनी वाढली म्हणजे हवेतील दाबाचा चढउतार दसपट होतो. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. पॉइंट टू-टू रायफलीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १४० डेसिबलच्या आसपास जातो. मोठ्या रायफलीचा १६० च्या घरात किंवा त्याहून वर. १४० आणि १६० या आकड्यांतील फरक किरकोळ वाटतो; परंतु पहिल्यात दाबाचा चढ २०० पास्कल असतो, तर दुसऱ्यात २००० पास्कल. जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजासाठी प्रौढांकरिता १४० व मुलांकरिता १२० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे.

कानात काय घडते

कानाच्या पडद्यावरील कंप तीन चिमुकल्या हाडांतून कर्णशंखात पोहोचतो. तेथे प्रत्येक कानात सुमारे पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरीने त्यांचे केस लवतात आणि मेंदूकडे संदेश जातो. मोठा आवाज आला की मध्यकर्णातील एक बारीक स्नायू आखडून हाडांची हालचाल कमी करतो; परंतु या क्रियेला सेकंदाच्या शतांशापासून दशांशापर्यंत वेळ लागतो. बंदुकीचा धमाका त्याआधीच काही सहस्रांश सेकंदांत आत शिरून गेलेला असतो. घरात चोर शिरून गेल्यावर कडी लावावी, तसा हा प्रकार होतो.

मेलेल्या केशपेशींच्या जागी मनुष्याच्या कानात नव्या उगवत नाहीत. प्रथम हानी होते ती साधारणपणे ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या उंच स्वरांची. बोलणे ऐकू येते. परंतु ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने पुसट होतात आणि कानात सतत गुणगुण राहते. उजव्या खांद्यावर रायफल टेकविणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो, तर उजवा मस्तकाच्या आडोशाला राहतो. म्हणून अशा नेमबाजांत डाव्या कानाची हानी अधिक आढळते.

नळीच्या तोंडावरची साधने

ही साधने मुख्यतः चार प्रकारची आहेत.

‘मझल ब्रेक’ या साधनाच्या भोकांतून वायू बाजूला व मागे वळविला जातो. त्यामुळे खांद्याला बसणारा धक्का पुष्कळ कमी होतो. पण धमाका नेमबाजाकडे आणि शेजाऱ्याकडे वळतो. त्याच्या कानाशी आवाज ५ ते १० डेसिबलांनी वाढू शकतो. खांद्याचे सुख कानाच्या जिवावर उठते, ते असे.

‘फ्लॅश हायडर’ नळीच्या तोंडाची ज्वाला लपवितो. आवाजावर त्याचा परिणाम नगण्य असतो.

तिसरे साधन पुढे उघडे असलेले नळकांडे होय. ते वायूला सरळ समोर सोडते. तिरुवैयारुच्या उत्सवात वाजणाऱ्या नादस्वराचे रुंदावत गेलेले तोंड आठवावे; ऐकणारा समोर असला तर त्याचा उंच स्वर प्रखर वाटतो, वादकाच्या मागे गेले तर मऊ. तद्वत या नळकांड्याने नेमबाजाकडे येणारा आवाज थोडा उतरतो. परंतु आवाज नाहीसा होत नाही; केवळ त्याची दिशा बदलते.

चौथे साधन सायलेन्सर. आतील आडपडद्यांमुळे वायू अनेक कप्प्यांतून वळत, पसरत व थंड होत जातो आणि सावकाश बाहेर पडतो. हायरम पर्सी मॅक्सिम यांना अमेरिकेत १९०९ मध्ये याचे पेटंट मिळाले. मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्यांचे वडील. आपल्याच यंत्राच्या आवाजाने त्यांची श्रवणशक्ती गेली होती. सायलेन्सरने आवाज २० ते ३५ डेसिबलांनी उतरतो. मात्र नावाप्रमाणे तो निःशब्द करीत नाही, आणि वेगवान गोळीचा कडाका तर त्याला मुळीच थांबविता येत नाही.

निवड कशी करावी

एका मोठ्या रायफलीचा आवाज १६० डेसिबल धरू. उत्तम कर्णाच्छादनाने २५ वजा झाले, तर कानात १३५ पोहोचतात. तिलाच मझल ब्रेक लावून आवाज १६८ झाला, तर तेच आच्छादन असूनही १४३ उरतात. म्हणजे मर्यादा ओलांडली. यावरून साधन निवडताना धक्का किती कमी होतो एवढेच न पाहता वायू कोणीकडे जातो, हे आधी पाहिले पाहिजे.

फिनलंड व नॉर्वे येथे शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात. भारतात तसे नाही. आवाज किंवा ज्वाला कमी करणाऱ्या साधनांना शस्त्र नियम, २०१६ मध्ये पहिल्या वर्गात घातले असून, सामान्य परवानाधारकाला ती घेता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय रायफल स्पर्धांत मझल ब्रेकलाही मनाई आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते ब्रेक नसलेल्या रायफलीनेच.

तेव्हा येथील नेमबाजाची खरी निवड नळीच्या तोंडाशी होत नसून कानाशी होते. कानात घालण्याची बोळी आणि कानावर बसणारी आच्छादने हे तिचे दोन प्रकार. दोन्ही एकत्र वापरली तर एकट्यापेक्षा साधारण ५ ते १० डेसिबल अधिक संरक्षण मिळते. दोहोंची सरळ बेरीज होत नाही, कारण थोडा ध्वनी कवटीच्या हाडांतूनही आत जातो. चष्म्याची काडी, केस किंवा गालाशी टेकलेला रायफलीचा दस्ता यांमुळे आच्छादन जरा उचलले गेले, तरी फटीतून आवाज शिरतो. छप्पर व भिंती असलेल्या मैदानात प्रतिध्वनीची भर पडते. तेथे दोन्ही वापरणे इष्ट.

राष्ट्रीय छात्रसेनेत हजारो मुले-मुली प्रथमच रायफल हाती घेतात. पहिली गोळी सुटण्यापूर्वी रांगेतल्या प्रत्येकाचे कान झाकलेले आहेत की नाहीत, हे पाहणे नेम शिकविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. नेम चुकला तर दुसरी गोळी असते. केशपेशी मात्र जन्मतः मिळतात तेवढ्याच.

प्रश्न

१. भिंत ५१ मीटर दूर असेल, तर टाळीचा प्रतिध्वनी किती वेळाने ऐकू येईल?

२. सायलेन्सर लावूनही वेगवान गोळीचा आवाज का ऐकू येतो?

३. डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याच्या कोणत्या कानाला अधिक धोका असतो? का?

४. मझल ब्रेक लावलेल्या रायफलीच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने कोणती काळजी घ्यावी?