आकाशातील अस्वल आणि सात शिकारी

सप्तर्षी तुमच्या ओळखीचे आहेत. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशियाचे मूळ रहिवासी मिकमॉ यांना तेथे अस्वलाची शिकार दिसे. स्टॅन्सबरी हागर या अमेरिकन अभ्यासकाने त्यांची कथा ऐकून १९०० मध्ये प्रसिद्ध केली.

क्रतू, पुलह, पुलस्त्य व अत्री या चार ताऱ्यांचा चौकोन म्हणजे अस्वल. युरोपातील लोकांनी पुढचे तीन तारे अस्वलाची लांब शेपटी मानले. पण खऱ्या अस्वलाची शेपटी आखूड असते! मिकमॉ लोकांनी त्यांना शिकारी पक्षी मानले. दुसरा पक्षी वसिष्ठ. त्याच्याजवळची अंधुक अरुंधती म्हणजे मांस शिजवण्याचे भांडे. मागून भूतप तारकासमूहातले आणखी चार शिकारी येतात. स्वातीचा तारा त्यांपैकी घुबड.

वसंतात अस्वल गुहेतून निघते. शरद ऋतूत मागचे चौघे वाट चुकतात, पुढचे तिघे मात्र पाठलाग सोडत नाहीत. शेवटी रॉबिन पक्ष्याचा बाण लागतो आणि अस्वलाच्या रक्ताने मेपलची पाने लाल होतात.

तिघेच का टिकले? थोडे गणित करा. ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणाच्या अक्षांशाएवढी असते. नोव्हा स्कोशियाचा अक्षांश सुमारे ४५ अंश. म्हणून ध्रुवापासून ४५ अंशांच्या आतील तारे तेथे कधीच मावळत नाहीत. सप्तर्षींपैकी सर्वांत दूरचा मरीची ४१ अंशांवर आहे, तर स्वाती सुमारे ७१ अंशांवर. शरद ऋतूच्या संध्याकाळी स्वाती व त्याचे सोबती क्षितिजाखाली जातात. हेच त्यांचे वाट चुकणे!

आता मुंबईचे पाहू. अक्षांश १९. सप्तर्षींपैकी ध्रुवाला सर्वांत जवळचा क्रतूसुद्धा २८ अंशांवर आहे. म्हणून आपल्याकडे सातही तारे मावळतात. दिवाळीच्या संध्याकाळी ते दिसतच नाहीत. ही कथा आपल्या आकाशाखाली रचता आली नसती.

या लोकांना रानटी म्हणून हिणवणारे त्या काळी पुष्कळ होते. पण वर्षानुवर्षे आकाश न्याहाळल्याशिवाय अशी कथा जुळत नाही. ती कथाही होती आणि ऋतूंचे पंचांगही.

मे महिन्यात रात्री आठच्या सुमारास उत्तरेकडे पाहा. हात ताठ पुढे धरला तर मूठ सुमारे १० अंश व्यापते. क्षितिजापासून ध्रुवतारा किती मुठी उंच आहे ते मोजा. तुमच्या गावाचा अक्षांश तुम्हांला मिळेल.