चार वेळा नकार, पाचव्यांदा होकार : विल्यम बोरुकी आणि केप्लर दुर्बीण



रात्री गच्चीवरून तारे पाहताना एक प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो. आपल्या सूर्याभोवती जसे ग्रह फिरतात, तसे या ताऱ्यांभोवतीही फिरत असतील का? प्रश्न फार जुना आहे, पण त्याचे पुराव्यासहित उत्तर अगदी अलीकडचे आहे. १९९५ साली स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठाचे मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती एक ग्रह फिरत असल्याचे दाखवून दिले. या शोधासाठी २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. त्यानंतर शोधांचा ओघ सुरू झाला आणि २०२५ साली अशा ग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली.

यांतील २,६०० हून अधिक ग्रह केप्लर नावाच्या एकाच अवकाश दुर्बिणीने मिळवून दिले. या पाठात आपण त्या दुर्बिणीमागच्या माणसाचा परिचय करून घेऊ. त्यांचे नाव विल्यम बोरुकी.

शिक्षण आणि पहिली नोकरी

बोरुकी यांचा जन्म १९३९ सालचा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील डेलाव्हन या लहान गावात ते वाढले. विस्कॉन्सिन विद्यापीठातून त्यांनी भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९६२ साली ते कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स संशोधन केंद्रात रुजू झाले. त्या वेळी माणसाला चंद्रावर पाठवण्याच्या अपोलो मोहिमेची तयारी चालू होती. यान परत येताना पृथ्वीच्या वातावरणात शिरते तेव्हा प्रचंड उष्णता निर्माण होते. ती सहन करणाऱ्या कवचासाठी लागणाऱ्या मोजमापांचे काम बोरुकींकडे होते. पुढे त्यांनी ग्रहांच्या वातावरणातील विजांचा अभ्यास केला. वयाच्या चाळिशीनंतर, १९८२ साली, सॅन होजे येथील विद्यापीठातून हवामानशास्त्राची आणखी एक पदवी घेतली. पीएच.डी. त्यांनी कधीच केली नाही.

या सगळ्या कामांत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे प्रकाशाचे अचूक मोजमाप. हीच विद्या त्यांना पुढे उपयोगी पडली.

अधिक्रमण म्हणजे काय?

८ जून २००४ आणि ६ जून २०१२ या दिवशी भारतातून शुक्राचे अधिक्रमण दिसले होते. पालकांपैकी अनेकांनी काळ्या चष्म्यातून सूर्यबिंबावरून सरकणारा तो छोटा काळा ठिपका पाहिला असेल. (मी स्वतः विज्ञान हिंदी माध्यमातून शिकलो, तिथे याला पारगमन म्हणतात. शब्द दोन असले तरी घटना एकच.) ग्रह ताऱ्याच्या समोरून जातो तेव्हा तो थोडा प्रकाश अडवतो. दूरच्या ताऱ्याचे बिंब आपल्याला दिसत नाही, तो फक्त प्रकाशाचा एक बिंदू असतो. पण त्या बिंदूचे तेज किंचित कमी झाले आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा तितकेच कमी झाले, तर तिथे ग्रह आहे असे अनुमान करता येते.

तेज किती कमी होते, हे नववीचा विद्यार्थीही काढू शकेल. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे १०९ पट आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १०९ चा वर्ग करावा. उत्तर येते सुमारे १२,०००. म्हणजे पृथ्वीसारखा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा बारा हजारांपैकी केवळ एक भाग प्रकाश अडवतो. बारा हजार दिवे एकत्र लावले आणि त्यांतील एक विझवला, तर जो फरक पडेल तो मोजायचा. तोही शेकडो प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याच्या बाबतीत!

आणखी दोन अडचणी होत्या. ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असेल तरच अधिक्रमण दिसते. पृथ्वीसारख्या कक्षेच्या बाबतीत हा योग सुमारे दोनशे ताऱ्यांमागे एकदा येतो. म्हणून हजारो ताऱ्यांवर एकाच वेळी नजर ठेवावी लागते. दुसरे असे की पृथ्वीसारखा ग्रह वर्षातून एकदाच समोरून जाणार. पहिली दोन अधिक्रमणे मिळाली की मधला काळ कळतो आणि तिसरे ठरल्या वेळी झाले तर खात्री पटते. म्हणजे काही वर्षे डोळ्याची पापणीही न लवता पाहत राहावे लागणार. जमिनीवर दिवस-रात्र आहेत, ढग आहेत, हवेमुळे तारे लुकलुकतात. म्हणून हे काम अवकाशातूनच होणे शक्य होते.

अधिक्रमणातून ग्रह शोधण्याची कल्पना बोरुकींच्या आधीही काही शास्त्रज्ञांनी मांडली होती. १९८४ साली बोरुकी आणि त्यांच्या सहकारी ऑड्री समर्स यांनी तिचा सविस्तर हिशेब मांडून लेख प्रसिद्ध केला. पण लेख लिहिणे वेगळे आणि दुर्बीण आकाशात पाठवणे वेगळे.

चार नकार

पहिला नकार, १९९२. परीक्षक म्हणाले, उद्देश उत्तम आहे, पण एवढा सूक्ष्म फरक टिपणारा प्रकाशसंवेदक अस्तित्वात नाही. बोरुकी आणि सहकाऱ्यांनी सीसीडी, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यात असते तशी प्रकाश टिपणारी चकती, प्रयोगशाळेत तपासली. ती हे काम करू शकते हे आकड्यांनी सिद्ध केले.

दुसरा नकार, १९९४. या वेळी आक्षेप खर्चाचा होता. परीक्षकांना वाटले की एवढी मोठी दुर्बीण ठरलेल्या रकमेत होणार नाही. मंडळींनी कक्षेची योजना बदलून खर्च कमी केला आणि खर्चाचा अंदाज वेगवेगळ्या पद्धतींनी काढून पडताळला. याच सुमारास मोहिमेचे लांबलचक जुने नाव बदलून, ग्रहगतीचे नियम सांगणाऱ्या योहानेस केप्लर यांचे नाव दिले.

तिसरा नकार, १९९६. हजारो ताऱ्यांचे तेज एकाच वेळी आपोआप मोजून कोणी दाखवले आहे का, असे विचारण्यात आले. तोवर कोणीच दाखवले नव्हते. तेव्हा बोरुकींनी कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत केवळ १० सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाचे 'व्हल्कन' नावाचे उपकरण उभारले आणि सुमारे ६,००० तारे एकत्र मोजून दाखवले.

चौथा नकार, १९९८. ताऱ्यांची संख्या मान्य झाली. पण अवकाशात यान थोडे हलणार, तापमान बदलणार, तरीही एवढी अचूकता टिकेल कशावरून, ही शंका उरली. याचे उत्तर त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम आकाश तयार करून दिले. धातूच्या पत्र्याला बारीक छिद्रे पाडून मागून प्रकाश सोडला, हे झाले तारे. काही छिद्रांवरून अतिशय बारीक तार आडवी ताणली. तारेतून थोडा विद्युतप्रवाह सोडला की ती तापून किंचित फुगते आणि बारा हजारांतील एक भाग प्रकाश अडवते, हा झाला ग्रह! उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा आपल्या पाठ्यपुस्तकातील नियम इथे असा कामी आला. यानाला बसतील तसे हादरे उपकरणाला देऊनही तो फरक नोंदला गेला.

२००० साली पाचवा प्रस्ताव गेला आणि डिसेंबर २००१ मध्ये नासाने केप्लर मोहिमेची निवड केली. १९८४ च्या लेखाला तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

केप्लरने काय दाखवले?

६ मार्च २००९ च्या रात्री फ्लोरिडातील केप कॅनाव्हरल येथून केप्लरने उड्डाण केले. बोरुकी तेव्हा सत्तरीला आले होते. हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या भागात, हात लांब करून धरलेल्या पंजाने झाकले जाईल एवढ्या आकाशात, केप्लरने दीड लाखाहून अधिक ताऱ्यांवर चार वर्षे नजर रोखून धरली.

२०११ साली केप्लर-१६ बी हा ग्रह कळला, ज्याच्या आकाशात दोन सूर्य आहेत. २०१४ साली केप्लर-१८६ एफ जाहीर झाला. तो आकाराने जवळजवळ पृथ्वीएवढा असून त्याच्या ताऱ्यापासूनचे अंतर पाणी द्रवरूपात राहू शकेल इतके आहे. सर्वांत मोठा निष्कर्ष असा की आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांपेक्षा ग्रहांची संख्या जास्त आहे.

२०१३ साली यानाला स्थिर ठेवणाऱ्या चार चाकांपैकी दुसरे चाकही बंद पडले. तेव्हा सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन यान तोलून धरण्याची युक्ती काढण्यात आली आणि २०१४ पासून 'के २' हे दुसरे पर्व सुरू झाले. या पर्वात पाहिलेल्या एका ताऱ्याशी आपल्या देशाचाही संबंध आहे. सुमारे ६०० प्रकाशवर्षे दूर असलेल्या त्या ताऱ्याच्या ग्रहाचे वस्तुमान अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी माउंट अबू येथील गुरुशिखरावरच्या १.२ मीटर दुर्बिणीला जोडलेल्या 'पारस' या उपकरणाने मोजले. ते पृथ्वीच्या सुमारे २७ पट भरले. हा निष्कर्ष २०१८ साली जाहीर झाला. त्याच वर्षी इंधन संपल्यामुळे केप्लरचे काम थांबले. १५ नोव्हेंबरला, म्हणजे योहानेस केप्लर यांच्या पुण्यतिथीलाच, यानाला शेवटचा निरोप पाठवण्यात आला. बोरुकी त्याआधी २०१५ साली निवृत्त झाले होते.

आपण काय घ्यावे?

चिकाटी ठेवा, हा उपदेश आपण नेहमीच करतो. पण बोरुकींनी तोच प्रस्ताव पाच वेळा पाठवला असता तर पाच वेळा नकारच आला असता. प्रत्येक नकारात लिहिलेले कारण त्यांनी पुढच्या दोन वर्षांचा गृहपाठ मानला. प्रस्ताव दर वेळी अधिक पक्का होत गेला.

दरवर्षी नववीच्या निकालानंतर काही पालक भेटायला येतात आणि म्हणतात, "सर, याला विज्ञान जमणार नाही, विषय बदलू या." निर्णय घरचा आहे आणि वाणिज्य किंवा कला शाखा कमी दर्जाची मुळीच नाही. माझी विनंती एवढीच की आधी उत्तरपत्रिका उघडून पाहावी. गुण कशात गेले? सूत्र आठवले नाही, एकक लिहिले नाही, की प्रश्नच समजला नाही? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. 'जमत नाही' हे कारण नव्हे, ती कारण न शोधता लावलेली चिठ्ठी आहे.

दुसरी बाजू नकार देणाऱ्यांची. नासाच्या परीक्षकांनी कारणे स्पष्ट सांगितली, म्हणून बोरुकींना वाट सापडली. आम्ही शिक्षक वहीत नुसती लाल फुली मारतो, तेव्हा मुलाला पुढे काय करावे हे कळत नाही. शिक्षकांचा एखादा प्रस्ताव विश्वस्त मंडळाला मान्य करता येत नसेल, तर कारणाच्या दोन ओळी मिळाव्यात. त्यांतून पुढच्या वर्षी चांगला प्रस्ताव तयार होतो. या सत्रापासून शिक्षकांनी चाचणीच्या प्रत्येक उत्तरपत्रिकेवर गुण कमी होण्याचे कारण एका ओळीत लिहावे आणि विद्यार्थ्याने खाली 'आता मी काय करणार' ही एक ओळ लिहून पालकांची सही आणावी, असे ठरवले आहे. सर्वांचे सहकार्य अपेक्षित आहे.

स्वाध्याय

१. गुरूचा व्यास सूर्याच्या सुमारे एक दशांश आहे. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा किती टक्के प्रकाश अडवेल?

२. बुध ८८ दिवसांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो. अशा ग्रहाची चार वर्षांत साधारण किती अधिक्रमणे दिसतील?

३. चार नकारांपैकी कोणते कारण दूर करणे तुम्हाला सर्वांत कठीण वाटते? पाच ओळींत लिहा.

४. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी डोक्यावरून जरा उत्तरेकडे हंस आणि त्याच्या पश्चिमेला तेजस्वी अभिजित तारा शोधा. त्यांच्या मधल्या भागावर हाताचा पंजा धरा. केप्लरने पाहिलेले आकाश ते हेच.

— प्राचार्य